पायापूर्वी पाण्याची खोली पाहा

घर बांधावयाचे ठरले म्हणजे आपली मंडळी मुहूर्त पाहतात, दिशा पाहतात, दगडविटांचा भाव विचारतात. परंतु त्या जागेखाली पाणी किती खोलीवर आहे, हे विचारणारा गृहस्थ विरळा. पिण्यासाठी पाणी हवे असले म्हणजे मात्र आपण त्याचा कसून शोध घेतो. १९२४ साली आमच्या बेळगावात महात्माजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या वेळी टिळकवाडीत खणलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ याच नावाने ओळखली जाते. पाणी मिळविताना आपण जमिनीची जी चौकशी करतो, तीच पावसाचे पाणी तिच्यात जिरविण्यापूर्वीही केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थोडा हिशेब पाहू. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी खाली येते. १ मीटर लांब, १ मीटर रुंद व २ मीटर खोल शोषखड्ड्यात, तो रिकामा असला तरी, २,००० लिटरच मावते. दगडगोटे भरल्यावर त्याच्या निम्मेही नाही. बाकीचे पाणी भोवतालच्या मातीने शोषून घ्यावयाचे असते. ती मातीच आधी पाण्याने भरलेली असेल, तर तिने ते घ्यावे कोठे?

येथेच बहुतेकांची फसगत होते. वैशाखात खड्डा खणतात, तळ कोरडा दिसतो आणि मालक व गवंडी दोघेही निश्चिंत होतात. श्रावणात भूजल वर चढते, शोषखड्ड्याची विहीर होते व छपराचे पाणी अंगणात साचते. भूजलाची खोली ऋतुमानाप्रमाणे बदलते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ती उगीच नव्हे.

म्हणून पावसाळ्यात आणि तो सरतासरता शेजारच्या विहिरींची पातळी पाहावी, जुन्या शेजाऱ्यांना विचारावे. प्रत्यक्ष जागेवर नियोजित तळाहून खोल असे एक भोक पाडावे, त्यात पावसाचे पाणी जाऊ न देता ते झाकून ठेवावे व दुसऱ्या दिवशी पाणी कोठे स्थिरावले ते मोजावे. चिकण मातीत पाणी सावकाश झिरपते; तेथे अधिक थांबावे. शोषखड्ड्याचा तळ आणि भर पावसातील भूजल यांमध्ये निदान १ मीटर कोरडी जमीन असावी. तेवढी नसेल, तर खड्ड्याचा हट्ट सोडून जोते उंच करावे, काही पाणी टाकीत साठवावे व उरलेले उताराने गटारात न्यावे.

‘एवढ्यासाठी एक पावसाळा कोण थांबणार?’ असे कोणी म्हणतील. घर पिढ्यानपिढ्यांसाठी बांधावयाचे, तर चार महिने फार नव्हेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या शहरातील अनेक सखल वस्त्यांत पाणी शिरले. तसला पूर एकट्या घरमालकाला थोपविता येत नाही. परंतु आपल्याच अंगणातील चूक टाळणे त्याच्या हाती आहे.

विद्यार्थी मित्रहो, दोरी, वजन व वही एवढे साहित्य पुरे. वडीलमाणसांना बरोबर घेऊन, कठड्याच्या बाहेर राहूनच, आपल्या आळीतील विहिरीची पातळी दरमहा नोंदवा. उद्या तेथे कोणी घर बांधू लागला, तर तुमची वही त्याच्या उपयोगी पडेल.