मृगाच्या आधी

२९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने ओडिशात सुमारे १०,००० बळी घेतले. मे २०१९ मध्ये 'फनी' पुरीजवळ धडकले, तेव्हा सुमारे १२ लाख लोक आधीच सुरक्षित स्थळी पोहोचले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. मधल्या वीस वर्षांत तेथे किनाऱ्यालगत पक्के निवारे उभे राहिले, आणि ते चालविण्यास गावचेच तरुण सज्ज झाले. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला उचलून नेणे, गोठ्यातील गुरांची दावी सोडणे ही कामे सचिवालयातून होत नसतात!

कोकणात ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' आले. पूर्वसूचना होती, लोक हलविलेही गेले; तरी श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे जातात. वादळानंतर स्वयंसेवक धावले, समाजाने सढळ हाताने दिले. पण आपला सेवाभाव बहुधा पडझडीनंतरच जागा होतो, ही आपली जुनी खोड. खाडीकाठी एकटे कोण राहते, कोणाचे छप्पर कच्चे, होडी कोणाकडे, याची यादी प्रत्येक वाडीतील तरुण मंडळाने, शाखेने, भजनी मंडळाने आताच करावी. मृगाची वाट पाहू नये. 'निसर्ग' आणि २०२१ चे 'तौक्ते', दोन्ही मृगाआधीच आली होती.