लाल शाई आणि आम्ही

इंग्रजीच्या तपासलेल्या वह्या परत मिळाल्या, की वर्गात हमखास ऐकू येते, "या भाषेला नियमच नाहीत!" मला हे पटत नाही. नियम आहेत, त्यांची कारणे मात्र आम्हांला कोणी सांगत नाही.

'नाइफ'मधला पहिला 'के' घ्या. एके काळी इंग्रज माणूस तो उच्चारीत असे. १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे छापील स्पेलिंगे हळूहळू पक्की होत गेली, उच्चार मात्र बदलत राहिले. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला 'बी' तर विद्वानांनी लॅटिनशी नाते दाखवण्यासाठी मागाहून घातला. (हौस त्यांची, गुण आमचे गेले!)

ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली जात आहे, अशी आम्ही मुले इंग्रजी कानांनी नव्हे, डोळ्यांनी शिकतो. म्हणून स्वराचे अक्षर दिसले, की पुष्कळजण 'अ‍ॅन' लावून मोकळे होतात. वस्तुतः तेथे उच्चार पाहायचा असतो : 'अ‍ॅन अवर', परंतु 'अ युनिव्हर्सिटी'.

कित्येक चुका तर चक्क मराठीतून येतात. आपण परीक्षे'विषयी' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येतो. लग्न कोणा'शी' तरी होते, म्हणून 'मॅरी'पुढे 'विथ'. इंग्रजीला दोन्ही नकोत. 'तो म्हणाला, की' यातला स्वल्पविराम 'ही सेड दॅट'मध्ये शिरतो. तोही तेथे चालत नाही. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात विरामचिन्हे मराठीत आणली ती मेजर कँडी या इंग्रजानेच. चिन्ह त्यांचे, वापर आपला!

'इट्स'चा घोळही असाच. 'इट इज' आखडताना गळालेल्या 'आय'च्या जागी वर चिन्ह टांगतात. 'त्याचा' या अर्थाच्या 'इट्स'मधून काहीच गळालेले नाही, मग चिन्ह कशाला? 'हिज'ला तरी कुठे असते?

हे मराठीतून सांगितले तर पाच मिनिटांत समजते. न सांगितले तर हुशार मुलगाही स्वतःला 'ढ' समजू लागतो आणि इंग्रजीत अर्ज लिहायची वेळ आली, की दुसऱ्याकडे कागद घेऊन जातो. याचे मला खरे दुःख आहे.

प्राध्यापकांनी प्रत्येक लाल खुणेशेजारी कारण लिहावे, हे मागणे अवाजवी होईल. वह्यांचे ढीग आम्ही पाहतो. परंतु पंधरवड्यातून एक तास केवळ चुकांसाठी ठेवावा. वह्यांतलीच वाक्ये फळ्यावर लिहावीत, नावे मात्र वाचू नयेत.

— द्वितीय वर्ष कला