डासांची पैदास: त्यांच्या ट्रेमध्ये, आमच्या ड्रममध्ये

प्रयोगशाळेत डास मुद्दाम वाढवतात, असं ऐकलं की आपल्यातल्याही काहींना लगेच कारस्थान दिसतं. आम्हाला ते पटत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत एडिस डास वाढवतात, म्हणून डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात कसा फोफावतो ते तपासता येतं. बाबासाहेबांना मानणाऱ्यांनी विज्ञानाला घाबरायचं काय कारण?

विचारायचं ते वेगळंच. डास चावतो कोणाला, आणि त्याला विचारलं कोणी?

१८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने अळ्यांपासून वाढवलेले डास हुसेन खान या मलेरियाच्या रुग्णाला चावू दिले. दर डासामागे एक आणा. १९०२ चं नोबेल रॉसला मिळालं. २०१७ मध्ये जालन्याजवळ दावलवाडीत जनुक बदललेल्या एडिसची पिंजऱ्यातली चाचणी सुरू झाली. सोडायचे ते नर, आणि नर चावत नाही, हे खरं. पण पिंजरा उघडायची वेळ आली, तर ग्रामसभेला विचारायला नको?

आता शहापूर-मुरबाडचं बघा. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, भातसाचंही जातं. बारवीचं कारखान्यांना आणि शहरांना. उन्हाळा लागला की इथल्या कातकरी-ठाकूर वाड्या, बौद्धवाड्या टँकरची वाट बघतात. मग ड्रम, हंडे, टाक्या, मिळेल त्यात पाणी भरून ठेवायचं. एडिसला हेच हवं असतं, साठवलेलं स्वच्छ पाणी. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. ड्रम रिकामा झाला तरी काठाला चिकटलेली अंडी कोरडी राहून महिनोन्महिने जगतात, आणि पाणी भरलं की पुन्हा अळ्या. प्रयोगशाळेतही असंच करतात. अंडी कागदावर सुकवून ठेवायची, लागतील तेव्हा ट्रेमधल्या पाण्यात सोडायची. फक्त तिथे दारांना जाळ्या असतात.

आणि आम्हाला सांगतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा! पुढचा टँकर कधी येईल याचा पत्ता नसताना भरलेला ड्रम कोणती बाई ओतून देईल? १९२७ ला महाडला तळं समोर होतं, शिवू देत नव्हते. इथे धरण समोर आहे, आणि पाइप गावाला वळसा घालून जातो.

मित्रांनो, येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. लेखी संमतीशिवाय तालुक्यात डास सोडण्याचा कोणताही प्रयोग नको. आणि धरणाच्या जलवाहिनीवरून प्रत्येक वाडीला रोज नळाचं पाणी. ग्रामसेवक दुसरा ठराव 'विषयपत्रिकेत नाही' म्हणून टाळेल, तेव्हा अर्ज आधीच देऊन पोच घ्या, आणि ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल मागा.