दहा वर्षे आणि चारशे वर्षे

सोलापुराहून हैदराबादकडे निघालेल्या प्रवाशाला पन्नास किलोमीटरच्या आतच धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग हे गाव लागते. गाव लहान, पण त्याला लागून असलेला किल्ला महाराष्ट्रातील मोठ्या किल्ल्यांपैकी एक आहे. बोरी नदीचे पाणी बांध घालून त्याच्या कुशीत अडवलेले आहे. पावसाळा चांगला झाला आणि वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागले, म्हणजे या बांधावरून पाण्याचे दोन लोट खाली कोसळू लागतात. लोक त्यांना ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. या लोटांच्या मागे, बांधाच्या पोटात, पाणीमहाल आहे. वरून नदी वाहत असते आणि आत उभा राहिलेला माणूस कोरडा असतो.

हे दृश्य पाहण्यासाठी त्या दिवसांत गावोगावचे लोक लोटतात. बरोबर आणलेल्या भाकरी नदीकाठी खाऊन झाल्या, मुलांचे भिजून झाले, की परतीच्या वाटेवर एक वाद हमखास सुरू होतो. तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही? एक जण म्हणतो, “पूर्वी येथे काटेरी झुडपांतून वाट काढावी लागे. आता बागा आहेत, नौका आहेत, बायकामुलांना निर्धास्तपणे येता येते. पैसे घेतले तर बिघडले कोठे?” दुसरा उत्तर देतो, “बागा पाहायला आम्ही सोलापुरातही जाऊ. येथे आलो तो किल्ला पाहायला. आपल्या पूर्वजांचा किल्ला आणि दाराशी तिकीट, हे कसले?” गाव येईपर्यंत वाद संपत नाही. उतरताना दोघेही आपापल्या मतावर ठाम असतात.

हा वाद उत्पन्न होण्याचे कारण असे. नळदुर्गचा किल्ला हे राज्य संरक्षित स्मारक आहे. २००७ साली महाराष्ट्र शासनाने एक योजना काढली. जुन्या स्मारकांची देखभाल करण्यास शासनाचा पैसा व माणूसबळ अपुरे पडते. तेव्हा ज्या संस्थांना किंवा कंपन्यांना इच्छा असेल त्यांनी एखादे स्मारक ठराविक मुदतीसाठी सांभाळावे, मालकी मात्र शासनाचीच राहावी, असा तिचा आशय. या योजनेखाली सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स या कंपनीने नळदुर्गचा किल्ला दहा वर्षांच्या कराराने सांभाळायला घेतला. साफसफाई झाली, हिरवळी व बागा आल्या, पाण्यात नौका फिरू लागल्या, आणि प्रवेशाला तिकीट आले.

योजनेच्या नावातला एक शब्द येथे थांबून पाहण्यासारखा आहे. तिचे नाव ‘महाराष्ट्र वैभव, राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना’ असे आहे. संगोपन हा शब्द आपण लेकराविषयी वापरतो. दुकान चालवण्याला कोणी संगोपन म्हणत नाही. लेकराला नवे कपडे घालणे हा संगोपनाचा भाग खराच, पण तो सर्वांत सोपा भाग होय.

वाद घालणारे दोघेही डोळ्यांना दिसते तेवढ्याच गोष्टी मोजत असतात, असे म्हणणे भाग आहे. पहिला हिरवळ मोजतो, दुसरा तिकिटाचे पैसे मोजतो. किल्ल्यातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र दोघांच्याही हिशेबात येत नाही. ती कंपनीनेही केलेली नाही आणि शासनानेही नाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० ते १६२७ या काळात राज्य करीत होता. त्याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकाराने हा बांध व पाणीमहाल बांधला. किल्ल्याला पाणी हवे होते. वेढा पडला तर ते महिनोन्‌महिने पुरायला हवे होते. म्हणून नदी अडवली. पण अडवलेले पाणी कधीतरी बांधावरून जाणारच. ते भलतीकडून गेले तर बांध खचेल. म्हणून त्याला दोन ठराविक वाटा करून दिल्या. आणि मग, जणू एवढे झाल्यावर त्या कारागिराला राहवले नाही, बांधाच्या पोटात त्याने महाल कोरल्यासारखा बसवला. जे आज तिकीट काढून पाहावयाचे सौंदर्य वाटते, ते मुळात पाण्याच्या सोयीतून निघालेले आहे. चारशे वर्षांचे पूर त्याच्यावरून गेले. बांधणाऱ्याने किती पुढचे पाहिले होते, हे त्या भिंतीकडे पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

एखादे स्थळ चांगले की वाईट हे ते चालवणारा किती पुढचे पाहतो यावर अवलंबून असते. करमणुकीच्या उद्यानांचा इतिहास याला साक्ष आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात १९५५ साली वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँड उघडले. त्या वेळी मोठ्या माणसाला आत जाण्यास एक डॉलर पडे. पाळण्यांचे व खेळांचे तिकीट निराळे. डिस्ने यांनी उद्यानातल्याच अग्निशामक ठाण्याच्या माडीवर स्वतःसाठी लहानसे घर करून घेतले होते. मालक जेथे राहतो तेथे धूळ साचू देण्याची छाती कोणाची होणार? १९६६ साली ते वारले. त्यांच्या मागे कारभारी बदलत गेले, तिकीट वाढत गेले. अलीकडे अतिशय गर्दीच्या दिवशी एका दिवसाला दोनशे डॉलरहून अधिक पडू लागले. १९९९ पासून रांगेत न ताटकळता खेळात बसण्याचे जे चिठ्ठीपत्र फुकट मिळे, ते २०२१ साली बंद होऊन त्या जागी पैसे देऊन घ्यावयाची सोय आली. त्यावर उद्यानाच्या चाहत्यांत मोठे वादंग माजले. २०२२ च्या नोव्हेंबरात कंपनीच्या मंडळाने मुख्य अधिकारी बॉब चॅपेक यांना दूर करून आधीचे बॉब आयगर यांना परत बोलावले. आणि २०२३ च्या जानेवारीत कमी दराच्या तिकिटाचे दिवस वाढवण्यात आले. कंपनीला इतर धंद्यांत तोटाही होत होता, तेव्हा हा बदल केवळ चाहत्यांच्या बोलण्याने झाला असे म्हणता येणार नाही. पण त्यांचे बोलणे अगदीच वाऱ्यावर गेले असेही नव्हे.

आपल्याकडे खोपोलीजवळचे इमॅजिका हे उद्यान घ्या. चित्रपटसृष्टीतील मनमोहन शेट्टी यांनी ते २०१३ साली उभारले. उद्यान मोठ्या हौसेचे होते, पण कर्जाचा बोजाही तसाच मोठा होता. पुढे करोनाच्या साथीत दारे बंद ठेवावी लागली. २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाच्या हाती गेले. हा समूह शिर्डीला आणि लोणावळ्याला पाण्याची उद्याने आधीपासून चालवीत होता. पाळणे तेच, डोंगर तेच, कारभारी बदलला.

तथापि इमॅजिकाचा न्याय नळदुर्गला जसाच्या तसा लावता येत नाही. पाळणा मोडला तर नवा आणता येतो. कारभाऱ्याची चूक झाली तर पुढचा कारभारी ती चार वर्षांत निस्तरू शकतो. बुरुजाच्या सांध्यात पिंपळाचे रोप रुजले आणि दहा वर्षे कोणी उपटले नाही, तर त्याचे मूळ दगड फोडून पलीकडे निघते; तो दगड मग कोणत्याही कंपनीच्या पैशाने पूर्वीसारखा होत नाही. शिलालेखावर कोणी खिळ्याने आपले नाव कोरले, तर ते पुसायला जावे तसे मूळचे अक्षरही जाते.

मुदतीचा प्रश्न येतो तो येथे. मराठवाड्यातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. बटईने केलेल्या रानात कोणी आंबा लावीत नाही. आंबा लावायचा, त्याला आठ वर्षे पाणी घालायचे, आणि फळ धरू लागले की रान दुसऱ्याच्या हाती जायचे, असे कोण करील? तो बिचारा ज्वारी घेतो, हरभरा घेतो. यंदा पेरले ते यंदा घरी येते. त्यात त्याची लबाडी नाही. दहा वर्षांच्या कराराने किल्ला घेणाऱ्या कोणत्याही कंपनीची गत हीच. हिरवळ एका पावसात येते, नौका एका दिवसात येते. त्या दोन्हींचे तिकीट लगेच मिळते. तटाच्या सांध्यात चुना भरल्याबद्दल जास्त पैसे द्यायला कोणता प्रवासी तयार होतो? म्हणून एकट्या कंपनीला बोल लावणे न्यायाचे नाही. जे मोजले जाईल तेच कोणीही करणार.

तर मग स्मारके सांभाळायला देऊच नयेत काय? असे म्हणणेही घाईचे होईल. निजामी राजवट १९४८ साली संपली, त्यानंतर कित्येक दशके किल्ला शासनाकडेच होता, आणि झुडपे त्याच काळात वाढली. ‘सरकारचे’ म्हटले की ‘कोणाचेच नाही’ असा अर्थ आपण फार लवकर घेतो. नुसत्या अभिमानाने केर निघत नाही.

उपाय करारात आहे. आणि नळदुर्गच्या माणसांना करार ही गोष्ट नवी नाही. नळदुर्ग आणि शेजारचे अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच. त्याची मूर्ती वर्षातून सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गला असते आणि बाकीचा काळ अणदूरला. मूर्ती एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावयाची, तेव्हा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. कोणी ‘आमच्याकडे होता तोवर देव आमचा’ असे म्हणत नाही. घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, की हे परत द्यावयाचे आहे, आणि परत देताना दुसरे गाव डोळे उघडे ठेवून पाहणार आहे.

किल्ल्याचा करारही असाच डोळे उघडे ठेवून व्हावयास हवा. घेताना प्रत्येक बुरुजाची, प्रत्येक शिलालेखाची, पाणीमहालाच्या प्रत्येक पायरीची नोंद व्हावी आणि छायाचित्र घ्यावे. सोडताना पुन्हा तेच पाहावे. तिकिटाच्या दर शंभर रुपयांतले किती दगडचुन्याला गेले, ते दरवाजावरच्या पाटीवर लिहावे. म्हणजे तिकिटावरून भांडणाऱ्यांना भांडायला काही आधार तरी मिळेल. नळदुर्गच्या शाळांतील मुलांना फाटक मोकळे असावे. ज्यांच्या उंबऱ्याशी किल्ला आहे त्यांनी तो सुट्टीतल्या पाहुण्यासारखा वर्षातून एकदा पाहावा, हे विचित्रच होय. पुढे झुडूप कोठे वाढले, चिरा कोठे हलला, हे कंपनीच्या आधी त्यांनाच दिसणार आहे.

आणि प्रवाशांनीही आपला वाद थोडा हलवावा. “पैसे वसूल झाले काय?” हे विचारून झाल्यावर त्यांनी “बांधाच्या सांध्यांतली झाडे कोणी काढली काय?” एवढेही विचारावे. फाटकावर दहा जणांनी एकाच आठवड्यात हा प्रश्न केला, तर तिकिटे देणारा माणूस तो आत जाऊन कोणाला तरी सांगेलच. दोन लोट कोसळू लागले, की त्या गर्दीत फाटकावर दहाच काय, शेकडो माणसे रांगेत उभी असतात.