घरी आलेले आजोबा परत का जातात?

डिस्चार्जच्या दिवशी घरात केवढी गडबड असते! बिल, फाइल, औषधांची पिशवी, खाली थांबलेली रिक्षा. आजोबा एकदाचे आपल्या पलंगावर टेकले की सगळे हुश्श करतात. पण ज्येष्ठांच्या बाबतीत खरी नाजूक वेळ इथूनच सुरू होते. अमेरिकेत मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे, मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी. तिच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्चार्ज मिळालेल्यांपैकी जवळजवळ दर पाचातला एक जण ३० दिवसांच्या आत पुन्हा ॲडमिट झालेला दिसला. तोही बऱ्याचदा पहिल्या आजारासाठी नाही, भलत्याच कारणासाठी.

मग कोण परत येणार, हे आधी ओळखता येईल का? कॅनडातल्या माँट्रियलच्या जेन मॅककस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये, कुणाला पुढे धोका जास्त आहे हे ओळखण्यासाठी, सहा साधे प्रश्न मांडले. इमर्जन्सीत आलेल्या ६५ वर्षांवरच्या माणसाला ते विचारायचे. गंमत म्हणजे त्यासाठी रक्ताचा एकही रिपोर्ट लागत नाही. या आजारपणाआधी नेहमी कुणाची मदत लागायची का? आता जास्त लागते का? गेल्या ६ महिन्यांत रुग्णालयात रात्र काढली का? नजर ठीक आहे का? विसरण्याचा मोठा त्रास आहे का? रोज तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का? दोन किंवा जास्त उत्तरं काळजीची आली, की त्या माणसाकडे नीट लक्ष द्यायचं.

यातला नजरेचा प्रश्न मला सगळ्यात शहाणा वाटतो. मोतीबिंदू असलेली आजी गोळ्या रंगावरून ओळखते. केमिस्टने पट्टी कापून दिली तर नाव निम्मंच उरतं, आणि कंपनी बदलली की रंगही बदलतो. त्यात घरी बीपीची जुनी गोळी शिल्लक असते आणि रुग्णालयाने नव्या नावाची दिलेली असते. दोन्हींत ॲम्लोडिपीनच! आजी दोन्ही घेते, कारण दोन्ही डॉक्टरांनीच दिलेल्या. मग रात्री बाथरूमला उठताना तिला चक्कर येते आणि आपण पुन्हा इमर्जन्सीच्या दारात. म्हणून घरी आल्या आल्या जुन्या-नव्या सगळ्या पट्ट्या एका ताटात काढा, डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवा आणि कुठली चालू, कुठली बंद हे डॉक्टरांना विचारून घ्या. आपल्या मनाने काही बंद करू नका.

हे भाकीत पक्कं नसतं बरं का. काळजीची उत्तरं आलेले कित्येक जण घरी मजेत राहतात, आणि एकही न आलेला कुणी परत येतो. शिवाय उत्तर देणारा कोण, यावरही बरंच अवलंबून. ‘मला कुणाची मदत लागत नाही,’ असं आजोबा ठणकावतात तेव्हा मागे उभी असलेली आजी गप्प असते. अंघोळीचं पाणी काढणं, मोजे चढवणं तिच्याकडेच असतं. तिलाही विचारा. तुम्ही बंगळुरूत आणि ते नागपुरात असतील, तर फोनवरच्या ‘बरं आहे’वर थांबू नका.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी घरांसाठी मी एक सातवा प्रश्न जोडीन. हैदराबादेत नर्सने सूचना तेलुगूत सांगितल्या, कार्ड इंग्रजीत आहे, तर आजीला नेमकं काय कळलं? तिच्याच तोंडून, मराठीत, वदवून घ्या.

आणि फॉलो-अप. त्या २००९ च्या अभ्यासात, शस्त्रक्रियेविना उपचार घेऊन ३० दिवसांत परत ॲडमिट झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी मधल्या काळात बाहेर डॉक्टरांना दाखवल्याचं एकही बिल नव्हतं. आपल्याकडे कार्डावर तारीख लिहिलेली असते. पण गुडघे दुखतात, बिल्डिंगला लिफ्ट नाही, मुलाला सुट्टी नाही, आणि ‘आता बरं वाटतंय की’ म्हणत ती तारीख निघून जाते. त्या दिवशी सोबत कोण जाणार, हे डिस्चार्जच्या दिवशीच ठरवून टाका.