सरकी आमची, डबा त्यांचा



आम्ही शहापूर-मुरबाडची भातवाली माणसे. तुम्ही कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. आमचा पाऊस वेगळा, माती वेगळी. पण सध्या आमच्या घरात जो एक डबा आला आहे, तो तुमच्याही घरात आला असणार. नसेल तर येईल. म्हणून या अंकात त्याविषयी रोखठोक लिहितो.

डबा प्रोटीन पावडरचा. पहाटे पाच वाजता आमच्या रस्त्यांवर पोरे धावतात. पोलीस भरतीला १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानी चाचणीला ५० गुण. दोन एकराच्या तुकड्यावर संसार होत नाही हे पोराने बापाकडे बघूनच ओळखले आहे, म्हणून तो धावतो. संध्याकाळी जिममध्ये लोखंड उचलतो. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते. मग कोणीतरी कानात सांगतो, “पावडर घेतल्याशिवाय अंग भरून येत नाही, झीज निघत नाही.” सांगणारा पुष्कळदा तोच असतो, ज्याच्या कपाटात डबे विकायला ठेवलेले असतात. मग पोर घरी येऊन दोन-अडीच हजार रुपये मागते. बाप कुरकुरतो आणि देतो, कारण पोराची नोकरी हीच आता घरातली एकमेव पिकाची आशा आहे.

आम्ही पोरांना नावे ठेवत नाही. घाम गाळणाऱ्याला प्रथिने जास्त लागतात, हे खरेच आहे. व्यायामाने स्नायूंना बारीक इजा होते, ती भरून काढायला प्रथिनेच लागतात. आमचा सवाल दुसरा आहे. त्या डब्यात काय आहे, ते कोणाच्या शेतातून गेले, आणि पोराच्या ताटातून ते कोणी काढून घेतले?

डब्यात काय आहे ते आधी ऐका. बहुतेक डब्यांवर ‘व्हे’ लिहिलेले असते. व्हे म्हणजे दूध फाडल्यावर खाली उरणारे हिरवट पाणी, आपली निवळी. दहा लिटर दुधाचे चीज केले तर नऊ लिटरच्या आसपास हे पाणीच उरते. युरोप-अमेरिकेत एके काळी ते डुकरांना पाजत, नाल्यात सोडून देत. मग ते गाळून, सुकवून त्याची भुकटी करण्याची युक्ती निघाली आणि नाल्यातले पाणी किलोला दोन-तीन हजारांना विकले जाऊ लागले. युक्तीला आमचा विरोध नाही. टाकाऊतून पैसा काढणे ही अक्कलच आहे. पण ही अक्कल वापरायची वाट आपल्याला कोणी मोकळी ठेवली? आपल्याकडच्या डब्यांतला बराच कच्चा माल अजून परदेशातूनच येतो.

आता कापूसवाल्यांनी नीट लक्ष द्यावे. तुमच्या एका क्विंटल कापसातून रुई निघते ३४-३५ किलो, बाकीची बहुतेक सरकी. सरकीचे तेल निघते आणि पेंडीत विसाहून अधिक टक्के प्रथिने राहतात. ती पेंड आणि तुमचा ज्वारीचा कडबा म्हशीच्या पुढ्यात पडतो. म्हशीचे दूध डेअरीत जाते. डेअरी भाव काढते फॅट आणि एसएनएफवर. त्या एसएनएफमध्येच प्रथिने असतात, पण त्यांचा वेगळा छदाम कोणी देत नाही. पुढे तीच प्रथिने वेगळी काढून ग्रॅमवर विकतात. आपण लिटरवर विकायचे, त्यांनी ग्रॅमवर! आम्हाला याचे नवल वाटत नाही. भातसा आणि तानसा धरणे आमच्या शहापूर तालुक्यात आहेत. पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट बघतात.

सोयाबीनची कथा हीच. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि मोंढ्यात चार हजारांच्या आसपास बोली लागली. त्याच सोयाबीनचे प्रोटीन डब्यात बसले की त्याचा भाव विचारू नका.

आता पोराचा हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यांप्रमाणे साध्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. कसून व्यायाम करणाऱ्याला १.२ ते १.६. त्यापुढे कितीही खाल्ले तरी स्नायू वाढत नाहीत. म्हणजे साठ किलोच्या पोराला ७२ ते ९६ ग्रॅम. ताटात बघा. ज्वारीच्या चार भाकरी, पीठ ३०० ग्रॅम, त्यात ३० ग्रॅम. पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण, ११. मूठभर शेंगदाणे, पन्नास ग्रॅम, १२. तेवढेच फुटाणे, १०. म्हशीचे अर्धा लिटर दूध, १८. झाले ८१. दोन अंडी खाणाऱ्याचे ९३. आमच्याकडे ज्वारीऐवजी भात, पण भात निघाल्यावर ओलीवर वाल-हरभरा घेतो आणि सुकट-बोंबील आहेच. सुकवलेल्या मासळीत निम्म्याहून जास्त प्रथिनेच असतात. फक्त वास येतो म्हणून तिची जाहिरात कोणी करत नाही.

कोणी म्हणेल, ज्वारीचे प्रथिन हलके, शिजवल्यावर पूर्ण पचत नाही. बरोबर आहे. ज्वारीत लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत असते. आपल्या आज्यांनी भाकरीबरोबर वरण उगीच वाढले नाही. आणि व्यायामानंतर अर्ध्या तासात डबा घोळून प्यायलाच पाहिजे, हाही बागुलबुवा आहे. दिवसभरात मिळून किती पोटात गेले, ते महत्त्वाचे. तीन-चार वेळच्या खाण्यात वाटून घ्यावे, भाकरी-भात पोटभर खावा, रात्री मोबाईल ठेवून झोपावे. झीज झोपेत भरते.

डब्याच्या एका चमच्यात २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि तो चमचा सत्तर-ऐंशी रुपयांना पडतो. तेवढीच प्रथिने सव्वाशे ग्रॅम फुटाण्यात, पंधरा रुपयांच्या आत-बाहेर.

बरे, डब्यावर लिहिलेले आत असते का? बोगस बियाण्याने पोळलेल्या शेतकऱ्याला हा प्रश्न शिकवायला नको. २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्क्यांवरचे आकडे चुकीचे. काहींत लिहिलेल्याच्या निम्मेच प्रथिन. काहींत बुरशीचे विष, काहींत कीटकनाशकाचे अंश. युक्ती कशी करतात तेही सांगतो. साध्या तपासणीत प्रथिन मोजत नाहीत, नत्र मोजतात. म्हणून नत्र असलेली स्वस्त भुकटी मिसळायची की आकडा वाढतो. दुधात युरिया घालणाऱ्याचीच ही शहरी, इंग्रजी बोलणारी जात. त्याच वर्षी पोषण संस्थेनेही सांगितले की या पावडरी नेहमी घेणे हिताचे नाही.

सगळ्यात मोठी लूट ‘मास गेनर’ची. काटकुळ्या पोराला हाच मोठा डबा गळ्यात मारतात. शंभर ग्रॅममध्ये प्रथिन पुष्कळदा वीसच्या खाली, बाकी बहुतेक मक्याच्या स्टार्चची गोड भुकटी आणि साखर. मका आपणच क्विंटलने विकलेला असतो.

एवढे सांगूनही कोणी घेणारच असेल, वसतिगृहात राहणारा, ज्याला धड जेवण मिळत नाही असा, तर त्याने एवढे बघावे. शंभर ग्रॅममागे प्रथिन सत्तरच्या वर हवे. घटकांच्या यादीत पहिले नाव व्हे किंवा सोयाचे हवे, साखरेचे नको. ग्लायसिन, टॉरिन अशी नावे दिसली की डबा खाली ठेवावा. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, परदेशी मालावर आयात करणाऱ्याचा पत्ता, शाबूत सील आणि पक्के बिल. सुटी पुडी, बिननावाची गोळी आणि इंजेक्शन यांना हात लावू नये. त्यात स्टेरॉइड निघते आणि यकृत जाते. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

पण खरे भांडण दुकानाशी नाही. पोराच्या ताटातली डाळ का आटली? तूर २०२१ पासून आयातीला मोकळी केली. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचे शुल्क उठवले, ते पुन्हा बसवायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. तोवर हरभऱ्याच्या भावाला जो दाब बसायचा तो बसला. डाळ पिकवणाऱ्याला तोटा झाला की तो डाळ सोडतो. मग रेशनवर तांदूळ-गहू मिळतो आणि पोट भरते, अंग भरत नाही. शाळेत मुलांना आठवड्याला एक अंडे देण्याचे सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करून ‘लोकसहभागातून द्या’ म्हणून हात झटकले. १९९२-९३ साली आमच्याच त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हारच्या वावर-वांगणीत, कुपोषणाने मुले दगावली. त्या जिल्ह्यात अंड्याला पैसा नाही! सहाव्या वर्षी जे अंडे नाकारले, त्याची भरपाई विसाव्या वर्षी पोर डब्यातून करू बघते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या दोन तालुक्यांच्या तीन मागण्या आहेत. शाळेतल्या अंड्याचा निधी सरकारने पुन्हा सुरू करावा. रेशनवर तांदळाबरोबर तूर किंवा हरभरा द्यावा, आणि तो इथल्या शेतकऱ्याकडून हमीभावाने घ्यावा. डेअरीने दुधातल्या प्रथिनांचा आकडा पावतीवर छापावा आणि त्याचा पैसा द्यावा. कापूसवाल्यांनी सरकीच्या भावाचा मुद्दा यात जोडावा, आम्ही पाठिंबा देऊ. आणि बैठकीला येताना ज्यांच्या घरी डबा असेल त्यांनी तो बरोबर आणावा. मागची बारीक अक्षरे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू.