रुपया घसरला, पण किंमत कोणी मोजली? बाबासाहेबांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एका डॉलरसाठी ९० रुपये मोजायची वेळ आली. त्याच आठवड्यात, ६ डिसेंबरला, आपण महामानवाला अभिवादन केले. समुद्रपूर तालुक्यातील एका बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा कापूस वेचून आलेली एक ताई म्हणाली, "डॉलर वाढला तं आपल्याले काय, भाऊ? आपल्याजवळ कुठं डॉलर हाय?" या प्रश्नाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लिखाणात आहे. फक्त तेव्हा समोर डॉलर नव्हता, ब्रिटिश पौंड होता.

१८७३ च्या आधी एका रुपयाला सुमारे २ शिलिंग मिळत, म्हणजे १० रुपयांचा एक पौंड. रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा होता. जगात चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाही पडला. १८९२-९३ पर्यंत तो १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये दरवर्षी पौंडात देणी द्यावी लागत, त्यासाठी जास्त रुपये लागू लागले. म्हणून १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या आणि पुढे १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १५ रुपयांना एक पौंड, हा दर बसवला गेला. पहिल्या महायुद्धात ही घडी मोडली. १९२० मध्ये २ शिलिंगाचा दर टिकवण्याचा सरकारचा प्रयत्न फसला.

मग वाद पेटला: दर १ शिलिंग ४ पेन्स हवा की ६ पेन्स? फरक दोन पेन्सचा, पण पौंडामागे १५ रुपये मिळणार की १३ रुपये ३३ पैसे, हे त्यावर ठरणार होते. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात चालत असे. अशा कापूस पट्ट्यात हा फरक किरकोळ नव्हता. मुंबईचे कापूस व्यापारी आणि उद्योगपती सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी हिल्टन यंग आयोगात असहमती नोंदवून ४ पेन्सची बाजू धरली. आयोगाने ६ पेन्स सुचवले आणि १९२७ मध्ये त्याचा कायदा झाला.

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. १५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांनी याच आयोगापुढे साक्ष दिली. रिझर्व्ह बँकेशी त्यांचे नाव जोडून आपण अभिमानाने थांबतो. पण त्यांचा खरा मुद्दा पुढे आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असे म्हटले जाई. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? परदेशातून नव्हे, देशातल्याच दुसऱ्या वर्गाच्या खिशातून. रुपया पडला की वस्तू महागतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. मधले अंतर मालकाचा नफा होते. विनिमय दराकडे त्यांनी असे मजुराच्या बाजूने पाहिले.

पौंडाशी ठरलेला तो १३ रुपये ३३ पैशांचा दर स्वातंत्र्यानंतरही ६ जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत कायम राहिला. त्या दिवशी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. जुलै १९९१ मध्ये पुन्हा अवमूल्यन झाले. आता दर रोज बदलतो.

आजचा हिशेब मांडून पाहू. एप्रिल २०२५ मध्ये ८५ च्या आसपास असलेला डॉलर डिसेंबरात ९० वर गेला. पुस्तकी नियमाने आयात कापूस महागून आपल्या शेतकऱ्याला भाव मिळायला हवा होता. पण अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले. कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. तोवर पेरणी होऊन गेली होती. रुपया पडल्याचा जो आधार मिळाला असता, तो बोंड फुटण्याआधीच गेला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर असला, तरी तो पदरात पडतो सरकारी खरेदीत कापूस घेतला गेला तरच.

आणि मजूर? देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आणि बहुतेक कच्चे तेल बाहेरून, डॉलर मोजून येते. फोडणीपासून ऑटोच्या भाड्यापर्यंत त्याची झळ पोहोचते. रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी मात्र एप्रिलमध्ये ३१२ रुपये ठरली, ती डिसेंबरातही ३१२ च. डॉलर रोज हलतो, मजुरी वर्षातून एकदा. आपल्या वस्तीतील अनेक घरांत थोडे कोरडवाहू शेत आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरी, दोन्ही चालते. अशा घराला मार दोन्हीकडून बसतो.

म्हणून दोन मागण्या ग्रामसभेपासून लावून धरायला हव्यात. पेरणी झाल्यावर त्या हंगामासाठी कापसाचे आयात धोरण बदलू नये. आणि मजुरीचे दर महागाईबरोबर वर्षातून किमान दोनदा वाढावेत.

त्या ताईजवळ डॉलर नाही, हे खरे आहे. पण त्याची किंमत तीही मोजते आहे. हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगणे, हे आपले काम आहे.